पोर्टेबल मॉनिटर घेण्यापूर्वी : कामासाठी आणि गेमसाठी

देवासहून इंदूर चाळीस किलोमीटरच्या आत, धारहून साधारण पासष्ट. आपल्या समाजातील कितीतरी घरांत मुलगा, मुलगी किंवा सूनबाई आठवड्यातले काही दिवस इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरील आयटी कंपनीत जातात आणि उरलेले दिवस घरून काम करतात. कुणी पीथमपूरच्या कारखान्यात लॅपटॉप घेऊन फिरतो, कुणी पुण्याहून किंवा हैदराबादहून गणपतीला येतो आणि चार दिवस जास्त राहता यावे म्हणून कामही इथूनच करतो. मार्च २०२० पासून 'घरून काम' हा शब्द आपल्या आजी-आजोबांनाही पाठ झाला आहे.

अशा वेळी लॅपटॉपचा चौदा इंची स्क्रीन अपुरा पडतो. एका बाजूला एक्सेलची शीट, दुसऱ्या बाजूला ईमेल, मध्येच व्हिडिओ मीटिंग. कार्यालयात टेबलावर दुसरा मॉनिटर असतो, घरी नसतो. मग मूल म्हणते, 'बाबा, एक पोर्टेबल मॉनिटर घेऊ का?' आणि धाकटा लगेच जोडतो, 'त्यावर गेमपण खेळता येईल.' दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण बाजारात सारख्या दिसणाऱ्या शंभर वस्तू आहेत आणि जाहिरातीत लिहिलेले आकडे सगळेच मोठे आहेत. काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, एवढ्यासाठी ही माहिती एकत्र केली आहे.

सगळ्यात आधी एक सूत्र सांगतो : आधी आपल्या लॅपटॉपचे पोर्ट पाहा, मग वीज, मग आकार, आणि सर्वात शेवटी मॉनिटरचा रंग-रूप. बहुतेक लोक नेमके उलट्या क्रमाने जातात आणि डबा उघडल्यावर कळते की जोडणीच होत नाही.

पोर्टेबल मॉनिटर म्हणजे काय?

हा पाटीसारखा पातळ, वेगळा स्क्रीन असतो. वजन साधारण ६०० ग्रॅम ते १ किलो, जाडी बोटभर किंवा त्याहून कमी. त्यात कॉम्प्युटर नसतो. लॅपटॉप, मोबाइल किंवा गेमचा कन्सोल जे चित्र पाठवेल ते तो दाखवतो. लॅपटॉपच्याच बॅगेत बसतो, मागे छोटा स्टँड असतो किंवा घडीचे कव्हरच स्टँडचे काम करते.

दुसरा स्क्रीन जोडला की विंडोजमध्ये विंडोज आणि पी ही दोन बटणे एकत्र दाबावीत. 'डुप्लिकेट' निवडल्यास दोन्हीकडे एकच चित्र दिसते. 'एक्स्टेंड' निवडल्यास दोन स्क्रीन मिळून एक मोठे टेबल तयार होते. देवासकरांना हे समजावणे सोपे आहे. आपल्या एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या १९४८ पर्यंत नांदल्या, प्रत्येकीचा कारभार वेगळा, गाव मात्र एकच. एक्स्टेंडमध्येही तसेच : थोरल्या स्क्रीनवर मुख्य काम, धाकट्यावर ईमेल, मीटिंग किंवा संदर्भाचा कागद. कामासाठी हाच पर्याय वापरायचा असतो.

पहिला प्रश्न : मॉनिटर घराबाहेर जाणार आहे का?

हा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारावा. मॉनिटर जर कायम एकाच टेबलावर राहणार असेल, तर पोर्टेबल घेऊ नये. साधारण त्याच पैशांत २४ इंचाचा नेहमीचा मॉनिटर मिळतो. तो डोळ्यांना सोयीचा, उंचीला बरा आणि टिकाऊ असतो, आणि गेमलाही मोठा पडतो. पोर्टेबल मॉनिटरमध्ये आपण पातळपणा आणि हलकेपणा यांचे पैसे देतो. ती सोय वापरणार नसू तर ते पैसे वाया जातात.

पोर्टेबल कुणी घ्यावा? जो इंदूर आणि घर अशा दोन ठिकाणी काम करतो. जो पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो आणि दर दोन-चार महिन्यांनी घरी येतो. ज्या घरात कामासाठी वेगळी खोली नाही आणि संध्याकाळी जेवणाचे टेबल रिकामे करून द्यावे लागते. जुन्या वाड्याच्या वाटण्या होऊन दोन खोल्या वाट्याला आलेल्या घरांत हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे. काम संपले की मॉनिटर कपाटात उभा राहतो.

दुसरा प्रश्न : लॅपटॉपला कोणते पोर्ट आहे?

पोर्टेबल मॉनिटर दोन मार्गांनी जोडता येतो.

पहिला मार्ग यूएसबी टाइप-सी. एकाच वायरने चित्रही जाते आणि वीजही. सगळ्यात सुटसुटीत मार्ग हाच. पण इथेच सर्वांत मोठी गफलत होते. टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचे नाव आहे. त्या भोकातून चित्र बाहेर येईलच असे नाही. चित्र येण्यासाठी त्या पोर्टमध्ये 'डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड' नावाची सोय असावी लागते. ही सोय २०१४ मध्ये जाहीर झाली, तरी आजही अनेक स्वस्त लॅपटॉपांच्या टाइप-सी पोर्टमध्ये ती नसते. तिथे फक्त चार्जिंग किंवा फाइल पाठवणे होते.

ओळखायचे कसे? पोर्टशेजारी बारीक चिन्ह पाहा. इंग्रजी डी अक्षरात पी बसवल्यासारखे चिन्ह असेल तर चित्र येते. बाण असलेली विजेची रेघ असेल तर ते थंडरबोल्ट पोर्ट आहे आणि त्यातूनही चित्र येते. नुसते बॅटरीचे चिन्ह म्हणजे चार्जिंग. चिन्ह काहीच नसेल तर लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरील माहितीपत्रकात टाइप-सी पोर्टपुढे 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द आहे का ते पाहा. दुकानदाराच्या 'चालेल हो' वर थांबू नये.

दुसरा मार्ग एचडीएमआय. जुन्या-नव्या बहुतेक लॅपटॉपांना आणि सर्व मोठ्या गेम कन्सोलना हे पोर्ट असते. चित्राची खात्री जवळजवळ पक्की. मात्र एचडीएमआयमधून मॉनिटर चालेल एवढी वीज येत नाही. म्हणजे दोन वायरी लागतात, एक चित्राची आणि एक विजेची. शिवाय मॉनिटरच्या बाजूला बहुधा छोटे 'मिनी एचडीएमआय' भोक असते, काहींत त्याहून लहान 'मायक्रो'. म्हणून घरातली टीव्हीची वायर तिथे बसत नाही. योग्य वायर डब्यात आहे का, हे आधी वाचावे.

पोर्ट दोन्ही नसतील, फक्त जुने चौकोनी यूएसबी असेल, तर डिस्प्लेलिंक तंत्राचा अडॅप्टर घेऊन काम भागते. त्याला लॅपटॉपमध्ये वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागते, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर तशी परवानगी नसते. एक्सेलला चालते, वेगवान गेमला नाही.

आणखी दोन बारकावे. कंपनीचा लॅपटॉप असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडण्यास मनाई नाही ना, हे आयटी विभागाला एका ओळीच्या ईमेलने विचारावे. आणि ॲपलचा एम१ किंवा एम२ चिपचा मॅकबुक एअर असेल तर तो बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो. टेबलावर आधीच एक मॉनिटर असेल तर त्यात पोर्टेबलची भर थेट पडणार नाही.

तिसरा प्रश्न : वीज कुठून येणार?

१५.६ इंचाचा साधा पोर्टेबल मॉनिटर अंदाजे ८ ते १२ वॉट घेतो. चौकोनी यूएसबी २.० पोर्टमधून मानकाप्रमाणे २.५ वॉट आणि यूएसबी ३.० मधून ४.५ वॉट मिळतात. म्हणून तिथे जोडल्यावर स्क्रीन लुकलुकतो किंवा बंद पडतो. टाइप-सी पोर्ट ५ व्होल्टवर ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे १५ वॉट देऊ शकतो. तिथे अडचण येत नाही.

आता बॅटरीचा हिशोब. समजा लॅपटॉपची बॅटरी ५० वॉट-तासांची आहे आणि लॅपटॉप स्वतः १० वॉट खातो. एकटा तो ५ तास चालेल. ८ वॉटचा मॉनिटर त्यावरच चालवला तर एकूण १८ वॉट झाले, आणि वेळ पावणेतीन तासांवर आली. वीज गेली तरी दोन्ही स्क्रीन चालू राहतात हा फायदा आहे, पण किती वेळ ते असे मोजून ठेवावे.

म्हणून 'पास-थ्रू चार्जिंग' असलेला मॉनिटर पाहावा. त्याला दोन टाइप-सी पोर्ट असतात. लॅपटॉपचा चार्जर मॉनिटरला लावायचा, मॉनिटर आपल्यापुरती वीज ठेवून उरलेली त्याच वायरने लॅपटॉपला देतो. ६५ वॉटच्या चार्जरमधून साधारण ५० वॉट पुढे जातात. सामान्य कामाच्या लॅपटॉपला ते पुरतात, गेमिंगच्या जाड लॅपटॉपला नाहीत.

पॉवर बँकवरही मॉनिटर चालतो. १०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ३७ वॉट-तास. त्यातले ३० हाती लागतात असे धरा. ८ वॉटच्या मॉनिटरला साडेतीन तासांच्या आसपास मिळतात. घरच्या वीजबिलाची चिंता नको : १० वॉट, रोज ८ तास, महिन्याचे २५ दिवस, मिळून फक्त २ युनिट.

आकार आणि ठिपके

मॉनिटरचा आकार तिरका मोजतात, त्यामुळे अंदाज चुकतो. सेंटिमीटरमध्ये असा दिसतो :

१४ इंच : रुंदी ३१, उंची साडेसतरा. बॅगेत सहज बसतो.
१५.६ इंच : रुंदी साडेचौतीस, उंची १९.४. आडव्या ए-फोर कागदापेक्षा थोडा रुंद आणि थोडा बुटका.
१६ इंच, १६:१० प्रमाणाचा : रुंदी तीच साडेचौतीस, उंची साडेएकवीस.
१७.३ इंच : रुंदी ३८, उंची साडेएकवीस. गेमला छान, बॅगेला अवघड.

खातेवह्या, एक्सेल, टॅली, प्रोग्रामिंग किंवा लांब मजकूर वाचणे हे मुख्य काम असेल तर १६:१० प्रमाणाचा १६ इंची घ्यावा. रुंदी न वाढता दोन सेंटिमीटर उंची वाढते, आणि तेवढ्यात पानाच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात. दिवसभर ताळा जुळवणाऱ्याला त्या ओळींची किंमत कळते.

ठिपक्यांच्या बाबतीत १९२० × १०८०, म्हणजे फुल एचडी, १५.६ इंचाला पुरेसे आहे. इंचाला सुमारे १४१ ठिपके होतात. २४ इंची फुल एचडीत ते ९२ च असतात. फोर-के स्क्रीन या आकारात घेतल्यास अक्षरे इतकी बारीक होतात की सेटिंगमध्ये ती २०० टक्के किंवा अधिक मोठी करावीच लागतात. पैसे आणि बॅटरी दोन्ही जास्त जातात. फोटो-व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनीच त्याचा विचार करावा. देवनागरी वाचणाऱ्यांसाठी एक सूचना : फुल एचडीतही स्केल १२५ टक्के ठेवा. रफार, अनुस्वार आणि उकार स्पष्ट दिसतात, डोळे ताणावे लागत नाहीत.

पॅनल, उजेड, रंग

पॅनल 'आयपीएस' असावे. बाजूने पाहिले तरी रंग बदलत नाही, आणि दुसरा स्क्रीन नेहमी बाजूलाच ठेवलेला असतो. जुने 'टीएन' पॅनल टाळावे. 'ओएलईडी' पॅनलचे काळे रंग अप्रतिम, पण किंमत जास्त, आणि एक्सेलच्या स्थिर रेघा वर्षानुवर्षे तिथेच राहिल्या तर स्क्रीनवर डाग उमटण्याचा धोका असतो.

उजेड 'निट' या एककात सांगतात. घरात २५० ते ३०० निट पुरतात. खिडकीसमोर किंवा व्हरांड्यात बसायचे असेल तर ४०० हवेत. गच्चीवर उन्हात कोणताच पोर्टेबल मॉनिटर नीट दिसत नाही. पृष्ठभाग मॅट असावा. चकचकीत स्क्रीनमध्ये आपलाच चेहरा आणि मागची ट्यूबलाइट दिसते.

रंगासाठी '१०० टक्के एसआरजीबी' असे लिहिलेले असेल तर चांगले. '४५ टक्के एनटीएससी' म्हणजे फिके रंग. ते हिशोबाला चालतील, लग्नाचे फोटो निवडायला नाही. '७२ टक्के एनटीएससी' हे साधारण पूर्ण एसआरजीबीच्या जवळचे असते, आकडा लहान दिसतो म्हणून नाकारू नये. आणि ३०० निटच्या स्क्रीनवर 'एचडीआर' लिहिले असेल तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. या विषयातील व्हेसा संस्थेच्या प्रमाणपत्राची पहिली पायरीच ४०० निटची आहे.

गेम खेळणाऱ्यांसाठी

स्क्रीन सेकंदाला किती वेळा बदलतो ते 'हर्ट्झ'मध्ये मोजतात. ६० हर्ट्झमध्ये प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झमध्ये ६.९. क्रिकेट, फुटबॉल, कोडी, कथेचे गेम यांना ६० पुरतात. गोळीबाराच्या किंवा शर्यतीच्या वेगवान गेममध्ये १४४ चा फरक जाणवतो. पण लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपमध्ये सेकंदाला तेवढी चित्रे बनवण्याची ताकद नसेल तर १४४ चा मॉनिटर घेऊन काही मिळत नाही. साध्या ऑफिस लॅपटॉपची ती ताकद नसते. आधी गेममध्येच 'एफपीएस' चा आकडा पाहावा, मग मॉनिटर ठरवावा.

प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्सला जोडायचा असल्यास तीन गोष्टी पाहाव्यात. एक, एचडीएमआय पोर्ट हवेच, आणि विजेची सोय वेगळी. दोन, स्क्रीन १६:९ प्रमाणाचा असावा. १६:१० वर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात किंवा चित्र ताणले जाते. तीन, एचडीएमआयवर किती हर्ट्झ मिळतात ते माहितीपत्रकात वेगळे पाहावे. काही मॉनिटरांत जाहिरातीतला पूर्ण वेग टाइप-सीवरच मिळतो.

मॉनिटरमधले स्पीकर बारीक आवाजाचे असतात, म्हणून हेडफोनचे भोक असावे. घरातल्या इतरांसाठीही ते बरे.

काम आणि गेम दोन्हींसाठी एकच घ्यायचा असेल तर वजन कशाला द्यायचे? जो दिवसाचे आठ तास वापरणार त्याच्या गरजेला. संध्याकाळच्या एका तासासाठी सकाळच्या आठ तासांची गैरसोय करू नये. सरसकट घरांसाठी १५.६ किंवा १६ इंच, आयपीएस, फुल एचडी, ३०० निट, दोन टाइप-सी आणि एक मिनी एचडीएमआय, हा मेळ दोघांनाही चालतो.

मोबाइल जोडता येतो का?

काहींनाच. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत २०१७ च्या एस८ पासून डेक्स नावाची सोय आहे, मोबाइलचा छोटा कॉम्प्युटर होतो. आयफोन १५ पासूनच्या आयफोनना टाइप-सी आहे आणि त्यातून चित्र येते. गूगल पिक्सेल ८ मध्येही येते. पण स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक मोबाइलांत टाइप-सी असूनही चित्र बाहेर येत नाही. नातवाचा मोबाइल जोडून मोठ्या स्क्रीनवर गेम, ही कल्पना मनात असेल तर मॉडेल आधी तपासा.

काही परिचित नावे

शिफारस म्हणून नव्हे, तुलनेला मोजपट्टी म्हणून. लेनोवोचा थिंकव्हिजन एम१४ आणि डेलचा सी१४२२एच हे १४ इंची, फुल एचडी, ३०० निटचे, कार्यालयीन कामासाठीचे. दोघांनाही दोन टाइप-सी पोर्ट. आसुसच्या झेनस्क्रीन मालिकेत १५.६ इंची अनेक प्रकार आहेत. एलजीचा ग्राम प्लस व्ह्यू १६ इंची, २५६० × १६०० ठिपक्यांचा. गेमसाठी आसुसचा आरओजी स्ट्रिक्स एक्सजी१६एएचपी, १४४ हर्ट्झ आणि स्वतःची बॅटरी असलेला. कुठलाही अनोळखी ब्रँड पाहताना त्याचे आकडे यांच्या शेजारी ठेवून पाहावेत.

साधे मॉडेल आठ-दहा हजारांपासून सुरू होते, नामांकित कंपन्यांचे त्याच्या दीडपट-दुप्पट, गेमचे त्याहून पुढे. भाव सणासुदीला हलतात, म्हणून आकड्यापेक्षा प्रकार लक्षात ठेवावा.

बिल, हमी आणि हप्ते

मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ११,८०० रुपयांच्या वस्तूत १,८०० रुपये कर. ज्यांचा स्वतःचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला आहे आणि मॉनिटर त्या कामासाठी आहे, त्यांनी बिलावर आपला जीएसटी क्रमांक टाकून घ्यावा, म्हणजे भरलेला कर वजा मिळण्याचा मार्ग खुला राहतो. 'बिलाशिवाय घ्या, स्वस्तात देतो' हा सौदा महाग पडतो, कारण हमीचा दावा बिलावरच चालतो.

डब्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी पाहावी : आयएसने सुरू होणारा मानक क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवल्यास हमी त्याच देशापुरती असू शकते, ते आधी विचारावे.

हमी किती वर्षांची हे सगळे विचारतात. दुरुस्ती केंद्र कुठे आहे हे फार कमी लोक विचारतात. इंदूरला केंद्र असेल तर अर्ध्या दिवसाचे काम. नाहीतर पार्सल बांधून महिनाभर वाट. स्क्रीन तडकणे हे बहुतेक हमीत येत नाही. कोरा डाग, म्हणजे मेलेला ठिपका, किती असल्यास बदलून देणार, हेही कंपनीगणिक वेगळे असते.

'नो कॉस्ट ईएमआय' विषयी थोडे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पना फसवी आहे. आज व्याज लागते, आणि तेवढी सूट किमतीत आधी दिली जाते. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच खिशातून जाते. उदाहरण घ्या : १२,००० रुपये, ६ हप्ते, १५ टक्के दर. व्याज सुमारे ५१० रुपये, त्यावर कर सुमारे ९०. प्रक्रिया शुल्क १९९ धरले तर करासह २३५. म्हणजे 'नो कॉस्ट'ची किंमत सव्वातीनशे रुपये. रक्कम मोठी नाही, पण माहीत असावी. रोखीने घेतल्यास वेगळी सूट मिळते का, हेही विचारावे.

तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी धार किंवा देवासच्या ग्राहकाला दिल्ली गाठावी लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही.

वस्तू आल्यावर

पार्सल उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या, पत्त्याच्या चिठ्ठीपासून स्क्रीन चालू होईपर्यंत. पूर्ण पांढरे, काळे, लाल, हिरवे आणि निळे चित्र लावून ठिपके तपासा. टाइप-सी आणि एचडीएमआय दोन्ही जोडून पाहा. परत करण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते, म्हणून डबा 'मुहूर्तावर उघडू' म्हणून ठेवू नये.

चित्र आले नाही तर घाबरू नका. आधी वायर बदला. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी वायर बहुधा फक्त चार्जिंगची असते. मॉनिटरच्या डब्यातली वायरच वापरा आणि तिला चिकटपट्टी लावून नाव लिहून ठेवा. घरात सगळ्या वायरी सारख्याच दिसतात.

बॅगेत ठेवताना स्क्रीनची बाजू लॅपटॉपच्या सपाट पाठीकडे करावी, चार्जर आणि डब्याचा दाब त्यावर येऊ नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीत मॉनिटर ठेवू नये.

मान आणि डोळे

पोर्टेबल मॉनिटर टेबलावर ठेवला की लॅपटॉपइतकाच खाली राहतो, आणि मान वाकलेलीच राहते. त्याला उंची द्यावी. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेला किंवा किंचित खाली, अंतर हातभर. चार जाड दिवाळी अंक किंवा लाकडी पाट यावर काम भागते. मागे ७५ मिलिमीटरची भोके किंवा कॅमेरा स्टँडचा आटा असेल तर स्टँड नंतरही घेता येतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सहा मीटर लांब पाहावे. खिडकीतून टेकडी दिसत असेल त्यांनी तिकडेच पाहावे.

खरेदीपूर्वी कागदावर लिहा

१. मॉनिटर महिन्यातून किती दिवस घराबाहेर जाईल? शून्य असेल तर साधा २४ इंची घ्या.
२. लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक, आणि त्याच्या टाइप-सीतून चित्र येते का?
३. नसेल तर एचडीएमआय आहे का, आणि वीज कुठून?
४. पास-थ्रू चार्जिंग आहे का?
५. मुख्य काम हिशोब-मजकुराचे असेल तर १६:१०, कन्सोलचे असेल तर १६:९.
६. आयपीएस, मॅट, किमान २५० निट.
७. कोणत्या वायरी डब्यात आहेत?
८. दुरुस्ती केंद्र इंदूरला आहे का?
९. बिल, मानक नोंदणी, परतीची मुदत.

हा कागद घेऊन इंदूरला सिल्व्हर मॉलच्या दुकानांत गेलात किंवा घरबसल्या ऑनलाइन पाहिलेत, तरी पंधरा मिनिटांत निवड दोन-तीन मॉडेलांवर येते. दुकानात जाताना शक्य असेल तर स्वतःचा लॅपटॉपच सोबत न्या आणि जोडून दाखवायला सांगा.

आपल्या घरांतली मुले कामासाठी दूर गेली ती बरीचशी नाइलाजाने. जे काम दुसऱ्या स्क्रीनअभावी अडत होते ते घरच्या टेबलावर होऊ लागले, तर गणपतीचे दीड दिवस दहा दिवस होऊ शकतात. दहा-बारा हजारांची वस्तू त्या हिशोबाने पाहिली तर ती नीट तपासून घेण्यात घालवलेले दोन तास महाग वाटणार नाहीत.